डेअरीवरचे पैलवान

आमच्या टोळक्याची एक खोड आहे. स्वतःचा किस्सा कुणी स्वतः सांगत नाही. दत्तूभाऊचा किस्सा नवनाथ सांगतो, नवनाथचा रोहिणीताई सांगते आणि रोहिणीताईचा सांगायची हिंमत फक्त दत्तूभाऊमध्ये आहे. माझा किस्साच नाही. मी प्रत्येक स्पर्धेत लवकर हरतो आणि मग दिवसभर बघायला मोकळा असतो. त्यामुळे सगळ्यांचे किस्से माझ्यापाशी येऊन साठलेत. मागं एका लग्नात पंगतीला बसलो असताना कुणीतरी नुसतं "तो पुण्याचा सांगा राव" म्हणालं, तर वाढपी जिलेबीचं ताट घेऊन तिथंच उभा राहिला आणि पलीकडची पंगत त्याची वाट बघत बसली.

ज्यांना आम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी ओळख करून देतो. मी निरगुडसरच्या एका दूध डेअरीचा सेक्रेटरी. दत्तूभाऊ आमच्या डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवतो. राहतो इथंच, पण मूळचा मढचा, तिकडं माळशेजच्या वाटेवरचा. नवनाथच्या घरी अजून मेंढरं आहेत, तो स्वतः कांदा करतो आणि दोन गायींचं दूध आमच्याकडं घालतो. रोहिणीताई आणे गावची लेक, निरगुडसरची सून, मंचरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. आणि आम्ही चौघं मिळून मारामारीची व्हिडिओ गेम खेळतो. हसू नका. पुण्याला जाऊन, स्टेजवर बसून खेळतो.

\*

सुरुवात कशी झाली ते सांगतो. मी हौसेनं एक जुनं गेमचं मशीन घेतलं होतं. बायकोनं आठवड्यात ते घराबाहेर काढलं. मग मी ते डेअरीवर आणलं. गावातली लाईट गेली तरी डेअरीवर जनरेटर चालतो, कारण दूध गार ठेवावंच लागतं. आणि आमच्याकडं भिंतीवर मोठी स्क्रीन आहे. कुणाच्या दुधाला किती फॅट लागली ते सगळ्यांना दिसावं, नंतर वाद नकोत, म्हणून लावलेली. सकाळ-संध्याकाळ तिच्यावर फॅट आणि दुपारी मारामारी, अशी वाटणी झाली.

गेम अगदी सोपी आहे. समोरासमोर दोन गडी, दोघांच्या डोक्यावर एकेक पिवळी पट्टी. मार बसला की पट्टी कमी होते, ज्याची संपली तो हरला. पण हे डेअरीवर दूध घालणाऱ्या पारूमावशीला कोण सांगणार? मावशी एके दिवशी किटली घेऊन जरा लवकर आली. स्क्रीनकडं बघते तर पट्टी झपाझप कमी होतेय. तिनं किटली खाली ठेवली आणि पदर खोचला. "सेक्रेटरी, दूध अजून किटलीतच हाय आन् फॅट कशी काय कमी व्हतीय?"

तिला समजावून सांगण्यात दुपार गेली. तिला गेम पटली, पण माझ्यावरचा संशय काही गेला नाही. अजूनही दूध घालताना ती आधी विचारते, मारामारी बंद केली का.

\*

दत्तूभाऊचा खेळ वेगळाच. बाकी आम्ही सगळे उड्या मारणारे, चपळ गडी घ्यायचो. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यात जाडा, सगळ्यात हळू चालणारा, झुपकेदार मिशांचा गडी निवडला. त्या गड्याला ना उडी येते ना आग फेकता येते. फक्त जवळ आलेल्याला पकडून आपटता येतं. आम्ही म्हणालो, भाऊ, हा घेऊन कोण जिंकतं? तो म्हणाला, याचं आपलं जमंल.

आणि जमलं. दत्तूभाऊ खेळतो तसाच, जसा टेम्पो चालवतो. भरल्या कॅनची गाडी घेऊन त्यानं आयुष्यात कुणाला ओव्हरटेक केलेलं नाही. समोरच्यानं कितीही नाचून दाखवलं तरी हा मार अडवत उभा. समोरचा कंटाळून कधीतरी अंगावर उडी मारतो आणि अलगद याच्या हातात येऊन पडतो. नवनाथ तर इतक्या वेळा आपटला गेलाय की, दत्तूभाऊ नुसता खुर्चीत बसला तरी तो पाठ चोळतो. आम्ही तिघं खेळायला शिकलो ते या माणसाला हरवायच्या नादात. हरवलं क्वचित, पण शिकलो भरपूर.

\*

पुण्याच्या पहिल्या स्पर्धेला आम्ही दुधाच्या टेम्पोतून गेलो. हॉलमध्ये शिरलो तर सगळीकडं एसी, रंगीत दिवे आणि आमच्या कपड्यांना पशुखाद्याचा वास. पहिली मॅच नवनाथची. समोर चष्मा लावलेला एक कॉलेजचा पोरगा. नवनाथ चक्क जिंकत होता. आम्ही मागं उभे, श्वास रोखून.

आता आमच्या डेअरीवरचा एक रिवाज सांगायला हवा. तिथं खेळताना कुणाचं दूध येतं, कुणाची गाय सुटते, कुणाला घरून फोन येतो. अशा वेळी समोरच्यानं आपण होऊन गेम थांबवायची, ही आमच्याकडची रीत. म्हणजे तो कामाला उठला तरी मागं त्याच्या गड्याला मार बसत नाही. जो थांबवत नाही त्याला आम्ही कोता म्हणतो.

तर त्या पोराचा फोन टेबलावर थरथरला. स्क्रीनवर 'आई' असं नाव. नवनाथनं लगेच बटण दाबून गेम थांबवली आणि म्हणाला, "घे राव, आईचा फोन हाय."

पंच पळत आला. नियम असा की, चालू मॅच जो थांबवेल त्याचा तो राउंड गेला. आम्ही हात जोडले, पोरगाही म्हणाला की जाऊ द्या, पण नियम तो नियम. नवनाथचा राउंड गेला, तिथून त्याची लय गेली आणि मॅचही गेली. परत येताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तो तासभर खिडकीबाहेर तोंड करून बसला होता. मला वाटलं, मनाला लावून घेतलं. तेवढ्यात तो म्हणाला, "पोरानं नंतर घरी फोन लावला आसंल का न्हाई?"

सांगायला अभिमान वाटतो की, आम्ही हरून आलो ते असं हरून आलो. पण धडाही घेतला. तेव्हापासून पुण्याला निघायच्या आधी आठवडाभर डेअरीवर रीत बंद असते. गाय सुटू दे, नाहीतर पाहुणे येऊ देत, गेम थांबत नाही.

\*

त्याच स्पर्धेत दत्तूभाऊचं जे झालं, त्याची आम्हाला पुढं मोठी किंमत मोजावी लागली. नावनोंदणीच्या वेळी प्रत्येकाला खेळाडू म्हणून एक टोपणनाव द्यावं लागतं. पोरांची नावं म्हणजे कुणी वादळ, कुणी ड्रॅगन. दत्तूभाऊला वाटलं, यात्रेत कुस्तीच्या वेळी पुकारतात तसं पुकारणार असतील. त्यानं सगळं व्यवस्थित दिलं. मग माईकवरच्या पोरीनं जसं होतं तसं वाचलं: "ड्रॅगन विरुद्ध दत्तात्रय सखाराम, मूळगाव मढ, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे."

हॉल हसून हसून खाली बसला. दत्तूभाऊला वाटलं, हे आपलं स्वागत आहे. तो स्टेजवर चढून चारी बाजूंना हात जोडून नमस्कार करू लागला. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि ते फिरत फिरत एका हॉस्टेलवर पोहोचलं. त्या हॉस्टेलवर दत्तूभाऊची मुलगी राहते, पल्लवी.

पल्लवी पुण्यात इंजिनिअरिंग शिकते. दत्तूभाऊच्या घरातली दहावीच्या पुढं गेलेली पहिली. तिच्याबद्दल बोलताना हा माणूस टेम्पोचा वेग कमी करतो. पोरींनी तो व्हिडिओ तिला दाखवला आणि हसल्या. दिवाळीला घरी आली तेव्हा बापाला एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही खेळा. पण जिथं माझे मित्रमैत्रिणी असतात तिथं नका येऊ."

दत्तूभाऊनं हे मला दूध उतरवताना सांगितलं. रागावला नव्हता. म्हणाला, तिचं बरोबर हाय, तिला तिथं राहायचंय. आणि नशीब बघा, पुढच्या वर्षापासून ती स्पर्धा भरू लागली नेमकी पल्लवीच्या कॉलेजच्या हॉलमध्ये! पहिल्या वेळी तो हरूनच आला होता, त्यामुळे पुण्यात एक तरी मॅच जिंकायची हे त्याचं वेड. पण त्यानं ते डेअरीच्या भिंतीतच ठेवलं. आम्हाला टेम्पोनं कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायचा, दिवसभर गाडीत बसायचा आणि संध्याकाळी घेऊन यायचा.

\*

त्याला बरं वाटावं म्हणून आम्ही ठरवलं, गावच्या यात्रेत आपलीच स्पर्धा घ्यायची. डेअरीवरची स्क्रीन काढून देवळासमोर मांडव घालून लावली. बोलायला मारुतीअण्णा. अण्णा म्हणजे आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतींचा आवाज. जुन्नर-आंबेगावात अण्णांशिवाय घाट, म्हणजे शर्यतीचं मैदान, भरत नाही. गेम त्यांनी जन्मात बघितली नव्हती. म्हणाले, मला काय, पळायचं आन् जिंकायचं, येवढंच आसतंय ना?

अण्णांनी मांडव डोक्यावर घेतला. घाटात बैलाचं नाव मागून येतं, मालकाचं आधी. तसंच इथं. "दत्तूभाऊंचा मिशीवाला आला मैदानात! आरं बघा त्याची चाल!" लोकांना स्क्रीनवर काय चाललंय ते कळत नव्हतं, पण अण्णांच्या आवाजावर शिट्ट्या वाजत होत्या. त्या संध्याकाळी दत्तूभाऊ एकही मॅच हरला नाही. आपल्या देवासमोर, आपल्या माणसांत तो जिंकत होता, आणि मला वाटलं, पुण्याचं ओझं याच्या मनावरून उतरेल.

पण बैलगाड्याच्या शर्यतीत सगळा खेळ सेकंदांचा. कमी सेकंदात जो घाट पार करतो तो राजा. अण्णांच्या हातात सवयीनं स्टॉपवॉच होतंच. प्रत्येक मॅच संपली की ते सेकंद पुकारायचे. दत्तूभाऊचा खेळ सावकाश, त्यामुळे त्याचे सेकंद पुष्कळ. नवनाथ मात्र पहिल्याच मॅचला रोहिणीताईसमोर असा काही झोपला की, तेवढ्या वेळात माणूस चहाचा घोटही घेऊ शकला नसता.

शेवटी बक्षीस वाटायची वेळ आली. अण्णांनी सेकंद तपासले आणि जाहीर केलं, सगळ्यात कमी वेळात मैदान मोकळं करणारा, नवनाथ, घाटाचा राजा! आम्ही माईककडं धावलो, पण गुलाल उधळला गेला होता. हलगी वाजू लागली होती. पोरांनी नवनाथला खांद्यावर घेतलं. देवळासमोर एकदा राजा झाला की त्याला खाली कोण उतरवणार? दत्तूभाऊनंच स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला. फेटा बांधलेला तो फोटो नवनाथच्या घरात, दारातून आत गेल्याबरोबर समोर लावलाय. पाहुण्यांनी विचारलं की तो म्हणतो, "आमच्यात सगळ्यात वेगवान मीच हाय."

\*

रोहिणीताईचा किस्सा दत्तूभाऊ सांगतो, पण त्यानं तो टेम्पोत बसून नुसता ऐकलाय. मी प्रत्यक्ष बघितलाय, म्हणून मी सांगतो.

पुण्यात एका पोरानं तिला समोर बघून विचारलं, मुलींचा वेगळा गट नाही का? ताईनं खुर्ची पुढं ओढली. बसली, आणि त्याला सलग दोनदा असं धुतलं की, त्याच्या मित्रांनी बघणंच सोडून दिलं. मग ताईनं त्याच्याकडं नीट बघितलं. मला वाटलं, आता बोलणार काहीतरी झणझणीत. ती त्याच्या जवळ गेली, अंगठ्यानं त्याची खालची पापणी खाली ओढली आणि म्हणाली, "बाळा, डोळे पांढरे पडलेत तुझे. हिमोग्लोबिन तपासून घे."

पोराला वाटलं, चिडवतेय. पण त्यानं तपासून घेतलं. महिन्याभरानं त्याचा ताईला मेसेज आला: खरंच कमी होतं, गोळ्या चालू केल्यात, आई तुम्हाला नमस्कार सांगते. पुढच्या वर्षी तो आम्हाला कॉलेजच्या फाटकावर घ्यायला उभा होता. आमच्या रोहिणीताईचं हे असं आहे. ज्याला ती हरवते तो तिचा होऊन जातो.

\*

आता शेवटचा. हा या वर्षीचाच आहे.

दत्तूभाऊ नेहमीसारखा फक्त सोडायला येणार होता. पण रोहिणीताईनं त्याला न विचारता त्याचं नाव नोंदवलं होतं. फाटकावर गाडी थांबल्यावर तिनं ते सांगितलं. दत्तूभाऊ खवळला. म्हणाला, "पोरीला शबूद दिलाय मी." ताई म्हणाली, पल्लवीची परीक्षा चालू आहे, ती इकडं कशाला फिरकेल? तोंडाला मास्क बांधा, डोक्यावर टोपी घाला, तुमचं नाव नाही टाकलेलं, 'पावणं' असं टाकलंय. दत्तूभाऊनं गाडी बंद केली आणि किल्ली खिशात टाकली. मग त्यानं मास्क मागितला.

तोंड बांधलेला तो माणूस खेळायला बसला आणि पुण्यातली पहिली मॅच जिंकला. आम्ही तिघं एकमेकांना चिमटे काढत होतो, ओरडायची सोय नव्हती. मग दुसरी जिंकला. मग एक हरला, पण एका हरण्यानं बाहेर काढत नाहीत. मग पुन्हा जिंकला. संध्याकाळ होईपर्यंत 'पावणं' कोण याची हॉलभर कुजबुज सुरू झाली होती. अशी वेळ आली की, आणखी एक मॅच जिंकली तर दुसऱ्या दिवसाच्या आठ जणांत नाव. निरगुडसरचं सोडाच, आमच्या दोन्ही तालुक्यांतलं तिथवर कुणी गेलेलं मी तरी ऐकलं नाही.

ती मॅच मोठ्या स्टेजवर. समोरचा पोरगा विजेसारखा. मॅच तीन गेमची, पहिली गेम दत्तूभाऊनं घेतली, दुसरी त्या पोरानं. आणि त्या दुसऱ्या गेममध्ये मला दिसलं की दत्तूभाऊ घाई करतोय. ओव्हरटेक करायला बघतोय. हॉल भरला होता, पुढच्या रांगांत सगळी त्याच कॉलेजची पोरं, आणि याचं निम्मं लक्ष टोपी खाली ओढण्यात.

शेवटच्या गेमच्या आधी मिनिटभर थांबतात. खेळाडूजवळ एक खुर्ची असते, तिथं त्याच्या एका माणसाला बसून काय सांगायचं ते सांगता येतं. नवनाथ मला म्हणाला तुम्ही जा, मी ताईला म्हणालो तू जा, ताई म्हणाली आपल्यातलं कुणीही गेलं तरी लोक भाऊला ओळखतील. आमचं हे चाललेलं असताना तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली. मैत्रिणींचे पाय ओलांडत बाहेर आली, पायऱ्या चढली आणि सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली.

पल्लवी होती. ताईनं माझा दंड धरला तो सुटेचना.

आम्ही स्टेजच्या कडेलाच होतो, त्यामुळे ऐकू आलं. दत्तूभाऊ मास्कच्या आतून म्हणत होता, "तू जा. समद्या बघत्यात. जा तू." ती त्याच्याकडं न बघता समोरच्या स्क्रीनकडं बघत बोलत होती. "तो पट्टी निम्मी झाली की उडी मारतो. दोन्ही गेममध्ये मारलीय. तुम्ही त्याच्या मागं जाऊ नका. डेअरीवर खेळता तसं उभे राहा." आणि मग हळू आवाजात, "पप्पा, मी बसलेय इथं. टोपीला हात लावू नका."

डेअरीवर कसं खेळतात हे तिला कुणी सांगितलं, ते मला आजही माहीत नाही.

शेवटची गेम सुरू झाली. तो पोरगा नाचत होता, मारत होता, दत्तूभाऊ अडवत उभा होता. पट्टी निम्मी झाली. पोरानं उडी मारली. मिशीवाल्यानं त्याला हवेतून काढला आणि आपटला, उठला की पुन्हा धरला आणि आपटला. आख्खा हॉल उभा राहिला. नवनाथ रडत होता आणि मला सांगत होता की मी रडत नाही. मीही काही वेगळं करत नव्हतो.

माईकवाला पोरगा पळतच आला. आधी दत्तूभाऊपुढं माईक धरला. "पावणं, अभिनंदन! आणि या तुमच्या कोच कोण आहेत?"

दत्तूभाऊनं तिसऱ्या रांगेकडं बघितलं. तिच्या मैत्रिणी मोबाईल वर धरून उभ्या होत्या. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "न्हाई, मी न्हाई वळखत. आल्या आन् बसल्या."

पल्लवीनं त्याच्या तोंडावरचा मास्क काढला आणि माईक हातात घेतला.

"पप्पा आहेत माझे," ती म्हणाली. "उद्या पण खेळणार आहेत. सगळ्यांनी या."